हौसाक्काची मोळी

तुमच्या-आमच्या पणज्या पाळण्यात होत्या, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत करंजघोल नावाचं गाव होतं आणि तिथं हौसाक्का राहायची. रोज डोंगरातून सरपण आणून विकायची. असं म्हणतात, तिनं बांधलेली मोळी दरीत कोसळली तरी सुटायची नाही.

तिचा नवरा तातोबा. तालमीचा भारी नाद, पण अंगानं किडमिडीत.

एकदा भैरोबाच्या जत्रेला बसाप्पा नावाचा मल्ल आला. असं म्हणतात, तो उभा राहिला की अख्ख्या आखाड्यावर सावली पडायची. मागच्याच जत्रेत त्यानं एका गड्याचा पाय मोडला होता. त्यानं शड्डू ठोकला, पण कुणी उठेना. तो हसला, "या गावात गडी बी बांगड्या भरतात व्हय?"

तातोबाला राहवलं नाही. तो लांग कसून उतरला.

बायकांनी आखाड्याजवळ फिरकायची तेव्हा रीत नव्हती. हौसाक्का सरपण घेऊन डोंगर उतरत होती. वरून बघते तर नवरा खाली, बसाप्पा त्याच्या पाठीवर, आणि तातोबाची मान मोडायच्या बेताला आलेली. डोक्यावरचं ओझं टाकून ती ओरडली, "अवं धनी, मोळी बांधा! दोन्ही टोकं जवळ घ्या!"

असं म्हणतात, त्या हाकेनं हलगी आपसूक थांबली, पिंपळावरची पाखरं उडाली. बसाप्पाही दचकला. तेवढ्यात तातोबा खालून निसटला. एक हात बसाप्पाच्या मानेत, दुसरा गुडघ्याखाली, आणि बोटांत बोटं घट्ट. बसाप्पाचं डोकं त्याच्याच गुडघ्याला भिडलं. एवढा धिप्पाड गडी, त्याचं गाठोडं झालं आणि पाठ मातीला लागली.

गाव तातोबाला फेटा बांधायला धावलं. तो डोंगरावरच्या हौसाक्काकडं बोट करून म्हणाला, "डाव माझा न्हाई. हिचा हाय."

मग बसाप्पा डोंगर चढून हौसाक्कापुढं उभा राहिला. लोक घाबरून मागं धावले. त्यानं हात जोडले. "अक्का, कुठल्या तालमीत शिकलीस?"

"तालीम कसली, बाबा? रोज बांधते की. चल, भाकरी खाऊन जा."

असं म्हणतात, चुलीपुढं बसून त्यानं भाकऱ्यांची चळत संपवली आणि पुन्हा कधी कुणाचं हाड मोडलं नाही.

करंजघोलच्या आखाड्यात आजही मातीची पहिली मूठ बाईच्या हातून पडते. कुणी हा डाव टाकला की म्हातारे पुकारतात, "कुणाची मोळी?" आणि बांधावर बसलेल्या लेकीसुना एका सुरात ओरडतात, "हौसाक्काची!"