हेर मुंगीने ओढलेली रेघ

एका जंगलात ओढ्याच्या काठी काळ्या मुंग्यांचे एक वारूळ होते, आणि त्या वारुळात एक हेर मुंगी राहत असे. मुलांनो, हेर म्हणजे चोरून माहिती काढणारा शिपाई. तो ओढा तुम्ही एका उडीत ओलांडाल, पण मुंगीच्या लेखी त्याच्या पलीकडचे प्रत्येक झाड म्हणजे एक परकी दुनियाच! तिथे कोण राहते, किती फौज बाळगते, हे वारुळात कुणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते म्हणून सगळ्यांना सदा धाकधूक. एके सकाळी सेनापतीणबाईंनी हेर मुंगीला जवळ बोलावून हळूच सांगितले, "पलीकडच्या काठावरच्या तीन दुनिया पाहून ये. फौज किती, कोठार कुठे, अंडी कुठे, सगळं ध्यानात ठेव. जिथून धोका दिसेल, तिथे उद्या आपणच आधी चालून जाऊ. पण कुणाला कळता कामा नये."

"या कानाचं त्या कानाला कळणार नाही," हेर म्हणाली आणि ऐटीत निघाली.

ओढ्यावर आडव्या पडलेल्या फांदीवरून ती पलीकडे गेली. पहिली दुनिया बांबूच्या बेटाची. तिथे चार गोगलगायी डुलक्या घेत होत्या. दुसरी करवंदीच्या जाळीची. तिथला कोळी आपल्या फाटक्या जाळ्याची डागडुजी करत होता, त्याला मान वर करायलाही सवड नव्हती. तिसरी दुनिया फणसाच्या झाडाची, आणि तिथे मात्र हेर जागीच थबकली. खोडावर तांबड्या मुंग्यांचा पहारा! रांगच्या रांग उभी, आणि सगळ्यांची तोंडे ओढ्याकडे. हेर अंग चोरत, कुणाकडे न पाहता, थेट त्यांच्या अंड्यांच्या खोलीपर्यंत गेली. सगळे डोळ्यांत साठवले आणि आल्या वाटेने परतली.

दुपारी तिचा अहवाल ऐकून सेनापतीणबाई खूश झाल्या. "शाबास! उद्या सकाळी फणसावर हल्ला."

एवढ्यात दारावरची म्हातारी पहारेकरीण धापा टाकत आत आली. "बाईसाहेब, आपल्या दारापासून ओढ्यापर्यंत ताज्या वासाची रेघ आहे. फांदीवरून पार पलीकडे गेलीय. कुणी ओढली?"

हेर मटकन खाली बसली. मुलांनो, मुंगी नव्या वाटेने गेली की पोट जमिनीला टेकवत वासाची रेघ ओढत जाते, म्हणजे मागच्या बहिणींना वाट सापडते. जन्मापासूनची सवय ती. आपण गुप्त कामावर आहोत हे हेराच्या डोक्याला ठाऊक होते, पण पोटाला कोण सांगणार? शत्रूच्या खोलीपासून आपल्या दारापर्यंत तिने सरळ सडकच आखून दिली होती.

वारुळात एकच हलकल्लोळ उडाला. दायांनी अंडी तोंडात धरली, पण न्यायची कुठे? ऊन उतरता उतरता पहारेकरीण ओरडली, "आल्या!" फांदीवरून तांबडी रांग येत होती, रेघेवरून तसूभरही न ढळता.  चूक आपली, तर पहिला घावही आपणच सोसावा, म्हणून हेर एकटी दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

"ही रेघ माझी आहे," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे चोरून आले होते. काय करायचं ते मला करा, पण आमच्या अंड्यांना हात लावू नका."

"ठाऊक आहे गं बाई, तू हेर होतीस ते," पुढची तांबडी मुंगी म्हणाली. "शंभर जणींसमोरून गेलीस आणि एकीच्याही मिशांना मिशा लावून विचारपूस केली नाहीस. मुंगीच्या जातीत असं कुणी वागतं का?"

"मग मला धरलं का नाही?"

"धरणारच होतो. पण अंड्यांच्या खोलीत शिरूनही तू एका अंड्याला धक्का लावला नाहीस. आम्ही तर समजून होतो, तुम्ही आज ना उद्या चालून येणार. म्हणून सगळी फौज ओढ्याकडे तोंड करून उभी. कित्येक दिवस कुणी धड जेवलेलं नाही. शेवटी म्हटलं, वाट आयतीच मिळालीय, तर जाऊन विचारूनच यावं. करणार आहात का तुम्ही हल्ला?"

हेराने मागे वळून पाहिले. सेनापतीणबाई दारात उभ्या होत्या. "करणार होतो," त्या खाली मान घालून म्हणाल्या, "तुमच्याच भीतीने. आता नाही करणार."

तांबड्या मुंगीने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की तिच्या मागची अख्खी रांग हसायला लागली. मग काळ्या मिशांना तांबड्या मिशा लागल्या, विचारपूस झाली, आत दायांनी अंडी पुन्हा जागच्या जागी ठेवली. हेराच्या जिवात जीव आला. ती दारातच पाय पसरून बसली आणि बसल्या जागी तिला गाढ झोप लागली.

तात्पर्य : शेजाऱ्याची भीती वाटत असेल, तर चोरून पाहण्यापेक्षा सरळ जाऊन विचारावे, पुष्कळदा तोही आपल्यालाच घाबरत असतो.