ठोकलेल्या नळ्या

“भरलेल्या नळ्या उपसताय कशाला, चाचा?”

यशोधन सुर्वे केमिकल प्लांटच्या रिअ‍ॅक्टरमध्ये उतरला तो ओरडतच. मास्क हनुवटीवर ओढलेला, हेल्मेट तिरकं. डोकं पार फिरलेलं.

आणि का नाही फिरणार? चार हजार दोनशे उभ्या नळ्या. एकेका नळीत कॅटॅलिस्टच्या, म्हणजे रसायनांची क्रिया घडवणाऱ्या, गोळ्या मोजूनमापून भरायच्या. तीस माणसं त्यासाठी अकरा दिवस राबली होती. सोमवारी प्लांट सुरू झाला की या रिअ‍ॅक्टरचा इनचार्ज यशोधन, असं मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

आणि शनिवारी सकाळी हा म्हातारा एकटाच आत बसून नळ्या रिकाम्या करतोय!

म्हातारा म्हणजे हुसेन परकार, गोळ्या भरणाऱ्यांचा मिस्त्री. यशोधनला नरसाळं धरायलासुद्धा त्यानंच शिकवलेलं. नळ्यांच्या तोंडांवर फळी टाकून तो मांडी घालून बसला होता. सक्शनचा पाईप एका नळीत सोडलेला. गोळ्या खडखडत वर ओढल्या जात होत्या.

चाचानं मान वर केली नाही.

“चाचा, मी तुमच्याशी बोलतोय!”

“ऐकतोय.”

“सगळ्या नळ्या पास आहेत. उंची बरोबर, हवेचा दाब बरोबर. काल सही करून रिपोर्ट दिलाय मी तुम्हाला.”

“दिलास.”

“मग?”

चाचानं बाजूची एक लांब सळई उचलली आणि त्याच्या पायाशी फेकली. टोकाला पांढरा भुगा चिकटला होता.

“ही इथं सापडली,” चाचा म्हणाला. “कुणाची?”

यशोधननं सळई पायानं बाजूला सारली.

सांगणार काय, कपाळ! या गोळ्या सावकाश सोडायच्या असतात, मूठ-मूठ. घाई केली की त्या मध्येच एकमेकींत अडकतात आणि खाली पोकळी राहते. अशा नळीतून हवा सोडली तर ती सहज निघून जाते, मापाचा काटा चढतच नाही. मग ती नळी अख्खी उपसायची आणि पुन्हा भरायची. दुसरा उपाय नाही.

पण चोरवाट आहे. वरून सळईनं ठोकायचं. गोळ्यांचा भुगा होतो, भुगा हवा अडवतो आणि काटा अगदी जागेवर येतो. पोकळी खाली तशीच. रिपोर्टात मात्र नळी पास!

प्लांट सुरू झाला की अशी नळी आतल्या आत तापून लाल होते. फुटली तर जवळ माणसं असतात. हे यशोधनला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? चांगलं माहीत होतं. पण परवा कामाला उशीर होतोय असं दिसलं आणि त्यानं सळई हातात घेतली.

“कामगारांपैकी कुणाची तरी असेल,” तो म्हणाला.

चाचाची कानशिलं तापली. पाईप काढून त्यानं पुढच्या नळीत घातला.

आता यशोधनचं लक्ष गेलं.

“अहो, ही तर तुमच्या हातची रांग! हिच्यात काय खोट असणार?”

“नसेल.”

“मग उपसताय का?”

“चार हजारांत ठोकलेल्या कुठल्या, मला वरून दिसत नाही. ज्याला माहीत आहे तो तोंड उघडत नाही.”

“म्हणून चांगल्याही काढणार?”

“सगळ्या.”

“वेड लागलंय तुम्हाला! सोमवार गेला, माझं इनचार्जपद गेलं! तीस माणसांची अकरा दिवसांची मेहनत मातीत घालताय!”

“मी?” चाचा कडाडला. “मी घालतोय? बाहेर उभी आहेत ती तीस माणसं. जा, सांग त्यांना कोण घालतंय ते!”

पाईप खडखडत राहिला. एक नळी झाली. दुसरी... तिसरी...

यशोधननं पुढे होऊन पाईप हिसकावला.

चाचानं तो परत ओढला नाही. नुसता त्याच्याकडे बघत बसला. त्या बघण्यानं यशोधनच्या अंगाची लाहीलाही झाली. शिवी दिली असती तर उलट शिवी तरी देता आली असती.

“सदतीस!” तो शेवटी ओरडला. “सदतीस आहेत. मीच ठोकल्यात. झालं समाधान?”

चाचा बघतच होता.

यशोधननं खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याच्या मांडीवर टाकला. “हे त्यांचे नंबर. आज-उद्यात सदतीस उपसून भरून होतील. मी स्वतः भरतो, तुमच्यासमोर. सोमवार हुकणार नाही.”

त्याचा आवाज फाटला होता. खरं बोलावं लागल्याचाही त्याला रागच आला होता.

चाचानं चष्मा लावला. एकेका नंबराखाली बोट धरून सगळा कागद वाचला... मग घडी घालून तो खिशात ठेवला.

यशोधनला हायसं वाटलं. सुटलो, असंच वाटलं त्याला.

चाचानं हात पुढे केला. यशोधननं मुकाट्यानं पाईप दिला.

चाचानं तो आपल्याच रांगेतल्या पुढच्या नळीत सोडला.

“चाचा! आता कशाला? नंबर लिहून दिलेत ना मी!”

गोळ्या खडखडत वर येत राहिल्या...

“कालही लिहूनच दिलं होतंस,” चाचा म्हणाला.