ब्रीताआजींची दोनशे बारा वाक्यं

“…म्हणजे पूर्ण रेकॉर्डिंग तुझ्याकडे नाहीच?” बाईंनी विचारलं.

तो मंगळवार इतर मंगळवारांसारखाच होता. बाईंच्या वाईच्या घरी सकाळी गॅसचं सिलिंडर आलं, दुपारी शार्दूल भिंगारे आला. त्याला सकाळीच स्वीडनहून ईमेल आली होती. ब्रीताआजी गेल्या. शनिवारी अंत्यविधी. त्यांच्या नातीनं लिहिलं होतं, ‘आजीचा आवाज आमच्यापाशी कुठेच नाही. तुझ्याकडचा पाठवशील?’

शार्दूल दोन उन्हाळे स्वीडनमधल्या एका दरीतल्या गावी राहून आजींची जुनी बोली टिपून आला होता. ‘शकणे’, ‘हवे’, ‘मुभा असणे’ असे अर्थ देणारी तिकडची साहाय्यक क्रियापदं मुळात कुठून आली, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. बाई, म्हणजे कुमुदिनी ओगले, त्याच्या मार्गदर्शक.

“साठ तास कोण साठवून ठेवतं, बाई? लागणारी दोनशे बारा वाक्यं कापून घेतली, बाकीचं पुसलं. तीच पाठवतो ना. आवाज अगदी स्वच्छ आहे.”

“ऐकव.”

त्यानं लॅपटॉप उघडला. एक थकलेला, खरखरीत आवाज. चार सेकंद.

“‘मी आता जिना चढू शकत नाही.’ हे ‘शकणं’ मुळात ‘जाणणं’ होतं, बाई. जे माहीत, ते जमतं.”

पुढचं वाक्य.

“‘तुला जायची मुभा आहे.’ हे मुळात ‘पकडणं’. बघा, धरून ठेवण्यातून सोडणं निघालं!”

तो खूश होता.

“आणि हे. ‘त्याला यायलाच हवं.’ हा शब्द तर उसना. जर्मन व्यापाऱ्यांबरोबर आलेला.”

“कोणाला?”

“अं?”

“कोणाला यायला हवं होतं?”

“ते… पुढे असेल काहीतरी.”

“मग पुढचं ऐकव.”

“पुढे कापलंय, बाई. क्रियापद येऊन गेलं होतं.”



“आणि या प्रबंधावर तू डॉक्टर होणार म्हणे,” बाई म्हणाल्या.

शार्दूलनं लॅपटॉप मिटला. “मग त्या नातीला काय लिहू? फाइल खराब झाली म्हणून कळवू?”

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. कपाटातून पत्र्याचा एक डबा काढून त्यांनी त्याच्या पुढ्यात ठेवला. आत कार्डं होती. प्रत्येक कार्डावर निळ्या शाईतली एकच ओळ, कात्रीनं कापून चिकटवलेली.

‘दिवाळीला येऊ शकशील?’

‘काल तू इथे असायला हवी होतीस.’

‘एक विचारू का?’

शार्दूलनं ते कार्ड उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

“अक्षर कोणाचं?”

“यांचं.” भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बाईंनी पाहिलं नाही. “मी स्वीडनला शिकत होते, तेव्हाची पत्रं. तुलनेला मराठी उदाहरणं हवी होती.”

“आणि उरलेला कागद?”

“केरात.”

…

“कापायला तुला मीच शिकवलं,” बाई म्हणाल्या.

“तसं नाही, बाई—”

“खराब झाली म्हणू नकोस. कापलं, पुसलं, असंच लिही. आणि आजच लिही.”

त्यांनी कार्डं गोळा केली. डब्याचं झाकण नीट बसेना, तसं ते त्यांनी नुसतंच वर ठेवलं.

“यांच्या एकाही पत्राला मी उत्तर लिहिलं नाही.”