उंबऱ्यावरचं हळकुंड

कितीतरी पिढ्यांमागची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं नगर होतं. तिथल्या राजानं बेघरांसाठी वीस घरांची एक आळी बांधली. भाडं इतकं कमी, की हातावर पोट असलेल्यालाही परवडावं. बाकीचा भार राजाचा खजिना उचली.

घर हवं असेल त्यानं कचेरीत नाव लिहवायचं. घर रिकामं झालं, की शिपाई पाळी आलेल्याच्या उंबऱ्यावर एक हळकुंड ठेवून येई. तीन दिवसांत ते घेऊन गेलं, तर किल्ली मिळे. न गेलं, तर नाव यादीच्या तळाला.

त्या नगरात टोपल्या विणणारी एक बुरूडीण होती. नवरा गेल्यापासून मुलीला घेऊन ती कधी तेल्याच्या ओसरीत राही, कधी देवळाच्या ओट्यावर. नाव लिहवून चार वर्षं झाली होती.

टोपल्या विकून झाल्या, की ती त्या आळीत जाई. कडुनिंबाखालचं एक घर कुलूपबंद होतं. दाराच्या फटीतून आत बघत ती मुलीला सांगे, "तिथं चूल. तिथं तुझी वाकळ. आणि त्या कोनाड्यात काहीच ठेवायचं नाही. एखादी जागा आपली आहे म्हणून रिकामी असू दे."

"आणि कुणी 'उठा इथून' म्हणालं तर?"

"तिथं कोण म्हणणार, बाळे?"

एकदा धीर करून ती कचेरीत गेली. "कारकूनदादा, माझी पाळी कधी?"

कारकुनानं वही चाळली. "बाई, तुझं हळकुंड तेल्याच्या उंबऱ्यावर ठेवलं होतं. तूच आली नाहीस. तुझं नाव आता तळाला."

कचेरीत दिव्यांचं तेल द्यायला आलेली तेलीण मागे उभी होती. "अगो बाई, ते हिचं होतं? मी आमटीत घातलं की!"

सगळे हसले. बुरूडीण हसली नाही. "दादा, मला उंबरा असता, तर मी तुमच्या दारात कशाला आले असते?"

हे ऐकून आत बसलेले म्हातारे प्रधान उठले आणि काठी टेकत आळीत गेले. सात घरं बंद होती, कड्यांवर कोळिष्टकं होती. परत येऊन वही पाहिली, तर साठ नावं, आणि कितीकांपुढे एकच शेरा : 'आला नाही'.

प्रधानांनी कडुनिंबाखालच्या घराची किल्ली तिच्यापुढे धरली. "घे, पोरी."

तिचा हात पुढे झाला, आणि मागे आला. "बाबा, माझ्याआधी लिहवलेल्यांची हळकुंडंही अशीच कुठंतरी गेली असतील. आधी त्यांना हाक मारा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी, ज्यानं जेव्हा नाव लिहवलं त्या क्रमानं, भर चौकात नावं पुकारली गेली. कडुनिंबाचं घर चार लेकरांच्या एका लंगड्या दोरखंडवाल्याला गेलं. सातवी, शेवटची किल्ली बुरूडणीच्या हाती आली. घर आळीच्या टोकाला होतं. झाड नव्हतं, दुपारभर भिंत तापे.

तिथं तिची चूल पेटली, मुलगी मोठी झाली. तरी दिवस कलला, की ती दाराशी थबके, आणि तिची नजर आळीतून त्या कडुनिंबापर्यंत जाऊन येई.

हळकुंडाची चाल मात्र त्या नगरातून कायमची उठली.

तात्पर्य : गरजवंताच्या दारी मदत पोचवण्याआधी त्याला दार आहे का, ते पाहावं.