तांदळाएवढी फट

फार पूर्वी, दिवाळीची नानकटाई घरी मळून भाजायला गावच्या भट्टीवर नेत, त्या काळी नदीकाठच्या एका गावात एक भट्टीवाला राहत होता. भट्टी विटांची, बाभळीच्या लाकडांवर तापणारी, तोंडाला जाड लोखंडी दार. वर्षभर तो पाव भाजायचा, पण त्याचा खरा हंगाम दिवाळीआधीच्या दहा दिवसांचा.

त्या दिवसांत गावच्या बायका नानकटाईचे गोळे पत्र्याच्या ताटांत मांडून आणायच्या आणि भट्टीसमोरच ठाण मांडायच्या. आपलं साजूक तूप दुसरीच्या ताटात गेलं तर? म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. कुणी गोळ्यावर चारोळी दाबायची, कुणी अंगठा. सोनारीणकाकू तर थेट तिजोरीच्या किल्लीचा छाप उठवायच्या.

आणि सारखा एकच घोषा. "अहो भाऊ, जरा उघडा ना दार. बघू दे माझी फुगली का!"

"काकू, आत्ताच तर उघडलं."

"ते तिच्यासाठी उघडलंत. माझ्यासाठी कुठे?"

दार उघडलं की आच बाहेर पडायची आणि नानकटाई बसायची. गेल्या दिवाळीला सोनारीणकाकूंच्या नानकटाईवर किल्लीचा छाप झकास उठला होता, आत मात्र पीठ कच्चं. पाहुण्यांपुढे त्यांची फजिती झाली. तेवढ्यात नदीपलीकडे नवी भट्टी सुरू झालेली.

काकूंनी स्पष्टच सांगितलं, "यंदा शेवटचं, भाऊ. घोळ झाला की आम्ही सगळ्याजणी ताटं घेऊन होडीत बसणार."

भट्टीवाल्याची झोप उडाली. बघू दिलं तर नानकटाई बिघडते, बघू नाही दिलं तर बायका बिघडतात.

दिवाळी जवळ आली तशी दरसालची कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन गावात आली आणि देवळाच्या ओसरीवर बसली. बांगड्या भरता भरता गावभरच्या बातम्या तिच्या कानावर येतच. ती भट्टीवाल्याकडे आली आणि म्हणाली, "माझा भाऊ आगीला न भिणारी काच ओततो. तुमच्या दाराला बसवून देते. दार बंद राहील आणि बघणारीला बघताही येईल."

काच बसवायच्या दिवशी अंगणात ही गर्दी! प्रश्नांना तर सुमार नव्हता.

"मावशी, तापली की फुटणार नाही?"

"नाही. पण तापलेली असताना पाणी मारू नका."

"धुराने काळी पडली तर?"

"लाकडं ओली असतील तर पडेल. थंड झाली की ओल्या फडक्याला चुलीतली राख लावून पुसा, लख्ख होते."

"आणि रात्री आतून कुणी बघत असेल तर?" एका म्हातारीने विचारलं आणि सगळे हसले.

कासारणीने हसून त्याचंही उत्तर दिलं, "आत जो असेल, त्याला आधी नानकटाई खाऊ द्या."

सगळ्यांनी काही ना काही विचारलं. विचारलं नाही ते एकट्या भट्टीवाल्याने. तीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, चारचौघांत काय विचारणार?

कासारणीने दारात चौकट बसवली, चौकटीत काच ठेवली. काच आणि लोखंड यांच्यामध्ये चारी बाजूंनी तांदळाच्या दाण्याएवढी फट सोडली. तिच्यात राखेच्या रंगाची, आगीत न जळणारी मऊ दोरी सैलसर घातली, काच धरायला वरून लोखंडी पट्ट्या लावल्या आणि त्यांचे स्क्रू नुसत्या बोटांनी फिरवले.

"याला पाना लावायचा नाही," ती जाताना म्हणाली, "आणि फटीला हात लावायचा नाही."

भट्टीवाल्याने मान डोलावली.

तीन दिवस तर नाटक लागल्यासारखी गंमत. बायका ओळीने पाटांवर बसायच्या. आत निखाऱ्यांच्या उजेडात गोळे हळूहळू पसरायचे, फुगायचे, वर बारीक चिरा पडायच्या. "फुगली, फुगली! माझी किल्ली वर आली बघा!" सोनारीणकाकू ओरडायच्या. कुणाला दार उघडायला सांगायचं सुचायचंच नाही. नानकटाई अशी खुसखुशीत निघायची की शेजारच्या गावातूनही ताटं यायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी भट्टीवाल्याने सहज चौकटीपाशी तळहात धरला. फटीतून किंचित आच येत होती. झालं! आयुष्यभर तो भेगा बुजवत आला होता. विटांमध्ये भेग दिसली की माती थापायची, दाराच्या कडेने वाफ निघाली की मळलेलं पीठ दाबायचं, हाच त्याचा धंदा. देवळाची ओसरी तिथून हाकेच्या अंतरावर होती. पण तो गेला नाही. त्याने कणकेची लांब वात केली, दोरी उपसून तिच्या जागी फटीत चारी बाजूंनी ही वात ठासली आणि वर पाना लावून स्क्रू करकचून आवळले.

"आता कशी बसली!" तो स्वतःशीच म्हणाला आणि भट्टी पेटवली.

बाहेर ताटांची रांग लागली. भट्टी तापत गेली, कणीक दगडासारखी कडक झाली आणि अचानक 'टण्ण' असा आवाज आला. काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चीर धावली.

"काच खोटी निघाली!" भट्टीवाला ओरडला.

सोनारीणकाकूंनी ताट उचललं. त्यांच्यामागून दुसरीने उचललं, तिसरीने उचललं. सगळ्यांची तोंडं नदीकडे.

आवाज ऐकून कासारीण आली. तिने दार बिजागरीवरून उतरवून अंगणात थंड होऊ दिलं, मग खिळ्याने फट टोकरली. एक कडक, तपकिरी तुकडा हातात आला. तिने तो हुंगला.

"ही दोरी माझी नाही, शेठ. ही तर तुमची भाकरी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. भट्टीवाल्याचे कान लाल झाले. 'भट्टीवरच्या कुणी गड्याने घातली असेल' असं म्हणायला तोंड उघडलं होतं त्याने. पण समोर रांग वळत होती. तो म्हणाला, "मीच ठासली. पानाही मीच लावला. मावशी, आता विचारतो. ती फट कशाला हवी होती?"

हे ऐकून सोनारीणकाकू थांबल्या. त्यांनाही उत्तर हवंच होतं!

कासारणीने काकूंचाच हात हातात घेतला. "ही बांगडी अगदी मनगटाला चिकटून भरली, तर भाकऱ्या थापताना काय होईल?"

"हात फुगेल आणि बांगडी पिचेल."

"बस्स. काच आगीला भीत नाही, पण लोखंड तापलं की फुगतं, जरा वाकतं. त्याला हलायला जागा हवी. जागा बुजवली की ते काचेलाच चेपतं."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" भट्टीवाला कळवळला.

"सगळ्यांनी जे विचारलं ते सांगितलं. तुम्ही नुसती मान डोलावलीत. आणि मी चार दिवस देवळातच होते की."

तिने पेटीच्या तळातून कापडात गुंडाळलेली दुसरी काच काढली. "माझा भाऊ नेहमी दोन ओततो. एक गिऱ्हाइकासाठी, एक गिऱ्हाइकाच्या शहाणपणासाठी."

या वेळी काच भट्टीवाल्याने स्वतः बसवली. दर स्क्रूला तो विचारत होता, "एवढा? की अजून सैल?" सोनारीणकाकू ताट मांडीवर घेऊन सगळं बघत होत्या. दुपारी भट्टी तापली तेव्हा पहिलं ताट त्यांचंच आत गेलं. होडीवाला त्या दिवशी दिवसभर बसून राहिला.

कणकेचा तो कडक तुकडा भट्टीवाल्याने दाराशेजारी खिळ्याला टांगला. नवखं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हे काय हो?" आणि तो हातातलं काम बाजूला ठेवून सगळं पहिल्यापासून सांगतो.

तात्पर्य: जाणत्या हाताने सोडलेली फट बुजवण्याआधी ती का सोडली, ते विचारावं. विचारताना क्षणभर लाज वाटते, न विचारता केलेलं मात्र सगळ्या गावासमोर तडकतं.