धनेशिणीचे दार

घाटाखालच्या एका दाट जंगलात, ओढ्याच्या काठी, एक धनेशीण राहत असे. धनेश हा मोठा पक्षी. त्याची चोच इतकी लांब आणि वाकडी, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावे, याला पाणी तरी पिता येत असेल का. पण त्याच चोचीने ही धनेशीण एक असे काम करी, की ते त्या जंगलात दुसऱ्या कुणालाही जमत नसे. ती ढोल्यांची दारे लिंपून देई.

झाडाच्या ढोलीत घरटे करणाऱ्या पक्ष्यांची एक अडचण असते. ढोलीचे तोंड मोठे असले, तर आईबरोबर साप आणि घोरपडही आत शिरू शकतात. म्हणून मातीने लिंपून ते तोंड लहान करावे लागते. धनेशीण ओढ्याच्या वळणावरची चिकट माती आणी, तिच्यात पिकल्या उंबराचा गर आणि सालीचा भुगा कालवी, आणि चोचीच्या कडेने थापटून थापटून दार लिंपी. ते दार उन्हाने तडकत नसे आणि पावसाने विरघळत नसे. शेवटी ओल्या मातीवर चोचीच्या टोकाने ती नक्षी काढी. कुणाच्या दारावर पाने, कुणाच्या दारावर पाण्याच्या लाटा, कुणाच्या दारावर नुसते ठिपके. एका दारावरची नक्षी ती दुसऱ्या दारावर कधी काढत नसे. नक्षीमुळे दार मजबूत होत नाही, हे तिलाही ठाऊक होते. पण नक्षी काढताना तिला भूक लागल्याचेसुद्धा कळत नसे.

दाराच्या बदल्यात कुणी तिला उंबरे आणून देई, कुणी वडाची फळे. तिचा हा लहानसा व्यवसाय चांगला चालला होता. थंडी सरू लागली की मैना, पोपट आणि पिंगळा आधीच येऊन सांगून जात, "यंदाही आमचं दार तुझ्याकडेच."

त्या वर्षी मात्र धनेशिणीच्या स्वतःच्या पोटात अंडे होते. मुलांनो, धनेशांची एक रीत आहे. अंडे घालायची वेळ आली की मादी ढोलीत जाऊन बसते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. नर त्या फटीतून तिला खाऊ घालतो. आत असताना तिची पंखांतली पिसे गळतात, आणि नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. आता अडचण अशी, की सगळे जंगल ज्या दिवसांत अंडी घालते, त्याच दिवसांत धनेशिणीकडे कामाची गर्दी असे. आणि यंदा त्याच दिवसांत तिला आत जाऊन बसायचे होते.

"यंदा दारं घेऊ नकोस," धनेश तिला म्हणाला. "थकशील."

"नाही कसं म्हणू? सगळे ओळखीचे आहेत," धनेशीण म्हणाली. "आणि एक हंगाम मी दिसले नाही, तर पुढच्या हंगामात माझी आठवण कुणाला राहील?"

"मी सांगेन ना सगळ्यांना."

"तुम्ही काय सांगणार? मी आत आहे, एवढंच. आत गेली म्हणजे हिचं काम संपलं, असंच सगळे समजतात."

 धनेश भला होता, कष्टाळूही होता, पण मातीतले त्याला काही कळत नसे.

शेजारच्या किंजळीच्या झाडावर एक म्हातारी धनेशीण होती. सगळे तिला काकी म्हणत. ती म्हणाली, "अगं, पोटात अंडं असताना दुसऱ्यांची दारं कसली लिंपत बसतेस? आता माती पुरे झाली. आम्ही नाही बाई असलं काही केलं."

काकी वाईट मनाने बोलली नव्हती. पण ते ऐकून धनेशीण थांबली नाहीच, उलट पिंगळ्याचे दारही तिने कबूल केले.

मग तिची फार धावपळ झाली. सकाळी पोपटांचे दार, दुपारी मैनेचे, मध्येच माती आणणे, मध्येच धाप लागून फांदीवर बसणे. पोपटांचे दार पुरे झाले. मैनेचे निम्मे झाले, आणि धनेशिणीला कळले की आता अंडे थांबणार नाही. "उरलेलं उद्या करते हं," असे मैनेला सांगून ती आपली ढोली असलेल्या बेहड्याच्या झाडाकडे उडाली. वळणापर्यंत जाऊन चांगली माती आणायला वेळ नव्हता. तिने झाडाखालचीच रेताड माती उचलली, तिच्यात काहीही न कालवता घाईघाईने दार लिंपले आणि आत बसली. सगळ्या जंगलाची दारे सुंदर करणारीचे स्वतःचे दार असे झाले, की ते तिने दुसऱ्या कुणाला करून दिले असते तर तिलाच लाज वाटली असती.

अंडे आले. पिसे गळाली. मैनेचा तो 'उद्या' काही उगवला नाही.

आत अंधार होता. अंड्यावर बसून ती मैनेच्या अर्ध्या दाराचा विचार करी. आणि तो विचार करताना आपले अंड्याकडे लक्ष नाही, असे वाटून तिला अपराधी वाटे. धनेश फटीतून उंबरे देई आणि विचारी, "बरी आहेस ना?" ती म्हणे, "बरी आहे." मैनेला निरोप द्यायला तिने त्याला एकदाही सांगितले नाही. दार होणार नाही, असा निरोप द्यायचा तिला धीर होत नव्हता.

काही दिवसांनी अंडे फुटले. पिलू अगदी उघडेबोडके होते, डोळे मिटलेले, आणि आवाज मात्र त्याच्या अंगाच्या मानाने फारच मोठा. धनेशीण त्याच्याकडे पाहत राहिली. असे काही तिने आजवर घडवले नव्हते. पिलाने चोच उघडली, तिने उंबराचा गर त्यात घातला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला मैनेच्या दाराची आठवण झाली नाही.

पण ऊन वाढत होते. एका दुपारी तिच्या दारावर बारीक चीर दिसली. संध्याकाळपर्यंत तिचा तडा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी धनेश फळे आणायला लांब गेला असताना खोडावर खरखर ऐकू आली. घोरपड वर चढत होती.

घोरपडीने तड्यात नखे घातली आणि ओढले. रेताड मातीचा एक गोळा निसटून खाली पडला. धनेशिणीला उडता येत नव्हते. ती पिलाला पाठीशी घालून भोकासमोर उभी राहिली, आणि आत आलेल्या नाकाडावर तिने सगळ्या ताकदीने चोच मारली. घोरपड मागे सरकली आणि खाली उतरून झाडाच्या मुळांत पडून राहिली. तिला काही घाई नव्हती. अशा मातीचे पुढे काय होते, हे तिने पुष्कळ ठिकाणी पाहिले होते.

नेमकी त्याच वेळी मैना आली. ती चांगलीच रागावलेली होती.

"ताई, हे बरं नाही," ती समोरच्या फांदीवरून म्हणाली. "उद्या येते म्हणालात आणि आलाच नाहीत. माझी तीन अंडी अर्ध्या दारामागे आहेत. रोज डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं मला."

धनेशिणीच्या चोचीवर नेहमीचेच शब्द आले होते. 'येते हं, उद्या नक्की येते.' पण पायाशी पिलू थरथरत होते, आणि ते शब्द तिच्याने बोलवेनात.

"मैने, मला येता येणार नाही," ती म्हणाली. "माझी पिसं गळली आहेत. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं, तर तू दुसरी ढोली तरी बघितली असतीस. चूक माझी आहे. आणि आता माझंच दार तडकलंय. खाली घोरपड बसली आहे. मला माती हवी आहे. आणून देशील का?"

धनेशिणीने आजवर कुणाकडे काही मागितले नव्हते.  मैनेने खाली पाहिले. मुळांत घोरपडीची शेपटी दिसत होती.

"कुठली माती?" मैनेने विचारले.

"ओढ्याच्या वळणावरची. पिवळसर. चोचीला चिकटून बसते ती."

मैना उडाली. तेवढ्यात धनेश उंबरे घेऊन परतला. सगळे ऐकून तो इतका घाबरला, की तसाच खाली झेपावला आणि चोचभर माती घेऊन आला.

"ही नको," धनेशीण म्हणाली. "हीच तर तडकली. मैना जिथून आणतेय तिथून आणा."

"माती मातीसारखीच दिसते गं मला."

"मग मैनेच्या मागे जा."

मैना चोचीत वाटाण्याएवढी माती आणी, धनेश मोठे ढेकूळ आणी. मध्ये एकदा घोरपड पुन्हा चढू लागली, तेव्हा धनेशाने पंखांचा असा फडफडाट केला आणि तिच्या पाठीवर अशा चोची मारल्या, की तिला अर्ध्यातून उतरावे लागले. आत धनेशीण उंबराचा गर कालवून दार थापत होती. पिलू भुकेने ओरडत होते. ती एक गोळा थापी आणि एक उंबर पिलाच्या चोचीत देई. पुन्हा एक गोळा, पुन्हा एक उंबर. कधी चुकून पिलाच्या तोंडाला माती लागे, कधी दारात उंबर चिकटे. पण सूर्य डोंगराआड जायच्या आत दार पुरे झाले. घोरपडीने वर येऊन त्यावर नखे ओढून पाहिली. माती हलली नाही. मग ती ओढ्याकडे निघून गेली.

मैना दमून फांदीवर बसली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ताई, तुमचं झालं. माझ्या दाराचं काय?"

"तुला माती सापडली आहे," धनेशीण फटीतून म्हणाली. "कशी कालवायची ते मी सांगते. उरलेलं दार तू कर."

"मला नाही जमणार. वाकडं होईल."

"होऊ दे. घोरपडीला वाकडं-सरळ कळत नाही."

मैनेला हसू आले. धनेशिणीने तिला सगळे सांगितले. गर किती, भुगा किती, थर किती जाड, आणि पहिला थर सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. मैनेचे दार वाकडेच झाले, पण पक्के झाले. ते पाहून दुसऱ्या पक्षिणी बेहड्याखाली येऊन विचारू लागल्या. पिलू झोपलेले असले की धनेशीण बोले. जागे असले की सरळ सांगे, "आत्ता नाही. नंतर या." कुणी थांबत, कुणी जात. पिंगळ्याने मात्र आधीच दुसरी ढोली शोधली होती, आणि तो पुन्हा कधी बोलायला आला नाही. त्याचे तिला बरेच दिवस वाईट वाटत राहिले.

पिलाला पिसे फुटू लागली, धनेशिणीलाही नवी पिसे आली. पिलाची भूक इतकी वाढली, की एकट्या धनेशाने आणलेली फळे पुरेनात. तेव्हा तिने आतून दार फोडले आणि बाहेर आली. पहिल्यांदा तिला नीट उडताच येईना. फांदीवर बसून तिने पंख पसरले आणि कितीतरी वेळ नुसते ऊन खाल्ले.

मैनेची बहीण तिची वाट पाहत होती. "ताई, माझ्या ढोलीचं दार कराल का?"

"करीन," धनेशीण म्हणाली. "पण सकाळचं तेवढंच काम करते मी. दुपारी पिलाचं खाणं असतं. तुझ्या दाराला वेळ लागेल. चालेल का बघ."

"चालेल," मैनेची बहीण म्हणाली.

इकडे पिलाने एक गंमत सुरू केली होती. आई बाहेर पडताच आत पडलेली माती उंबराच्या गरात कालवून ते फुटलेले दार पुन्हा लिंपत होते. निम्मी माती त्याच्या अंगावर पडत होती. काकी किंजळीवरून म्हणाली, "अगं, बघतेस काय? नीट करून दे त्याला. सगळं ओबडधोबड चाललंय त्याचं."

धनेशिणीने जवळ जाऊन माती चोचीने चाचपली. माती चांगली होती. बाहेर पहाऱ्याला धनेश बसला होता.

"त्याचं त्याला करू दे, काकी," ती म्हणाली. "मी जाऊन येते."

आणि ती ओढ्याच्या वळणाकडे उडाली.

तात्पर्य : मूल झाले म्हणून आईची कला संपत नाही, पण सगळे एकटीने पेलायचा हट्ट धरला, तर घराला आणि कामाला दोन्हींना तडा जातो. झेपेल तेवढेच कबूल करावे, न झेपणारे वेळेवर सांगावे, आणि मदत मागण्यात कमीपणा मानू नये.