ठकूआईचा इस्तू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, माझ्या आजेसासूलाही ते ठाऊक नव्हतं. आमच्या शेवरघोळीत तेव्हा काडेपेटी आलेली नव्हती, एवढं मात्र खरं. विस्तवाला आमच्याकडे इस्तू म्हणतात. तो सांभाळावा लागायचा. रात्री बायका चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवायच्या, सकाळी राख बाजूला सारायच्या, वर गोवरी ठेवायच्या आणि फुंकर मारायच्या. निखारा विझला असेल तर गोवरीचा तुकडा घ्यायचा, शेजारी जायचं आणि म्हणायचं, “वाईच इस्तू द्या.” आता तुम्ही खटका दाबता आणि गॅस पेटतो, म्हणून तुम्हाला यात काय मोठं असं वाटेल. वाटू दे. ऐका मात्र नीट.

तर त्या काळी ओढ्याच्या अलीकडे, उंचवट्यावरच्या पहिल्या घरात ठकू नावाची बाई राहत होती. नवरा भिवा आणि चार वर्षांचा सुभाना, एवढाच तिचा संसार. त्या वर्षी उन्हाळ्यात पटकीची साथ आली. मंगळवारी भिवा गेला आणि शुक्रवारी सुभाना गेला. चार दिवसांत बाईचं घर रिकामं झालं हो! घरात राहिली ती, आढ्याला टांगलेला पोराचा पाळणा, आणि खुंटीवरचा भिवाचा बटवा. बटव्यात चकमक होती आणि सावरीचा कापूस होता.

लोकांनी करायचं ते सगळं केलं. सुतकात चूल पेटवत नाहीत, म्हणून घराघरातून भाकरी आली. तेराव्यानंतरही काही दिवस येत राहिली. मग पेरण्यांचे दिवस आले आणि जो तो आपापल्या शेताला लागला. कोणाचं चुकलं असं नाही, जगाचं रहाटगाडगं असंच चालतं. एक म्हातारी तेवढी दारात चतकोर ठेवून जायची. ठकू कधी खायची, कधी नाही. वाकळीवर पडून राहायची. म्हातारी दारातून म्हणायची, “उठ गं बाये, तोंड तरी धू.” आतून एकच उत्तर यायचं, “उठायचं कुणासाठी?”

म्हातारी चतकोर ठेवून माघारी जायची. याला काही उत्तर तुमच्याकडे आहे का? माझ्याकडेही नव्हतं. ठकूची चूल थंड पडून महिना होत आला, आणि ही बाई आता काही दिवाळी बघत नाही, असं गावानं मनात धरलं.

त्याच दिवसांत कोंडाबाईच्या घरी नवी सून आली. हौसा तिचं नाव. लांबच्या, घाटाखालच्या गावची. कोंडाबाई म्हणजे कडक काम! तिचा आवाज ऐकून कुत्री गल्ली बदलायची म्हणे. नव्या सुनेनं चुलीतला इस्तू विझू दिला तर ती अवलक्षणी, असं तेव्हा मानायचे. आणि पहिल्याच सकाळी हौसानं राख सारून पाहिलं तर आत सगळं गार. सासू उठायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. तिनं गोवरीचा तुकडा उचलला आणि जे पहिलं दार दिसलं ते ठोठावलं.

दार ठकूचं होतं. त्या दारात मागायला जाऊ नये, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण ही बिचारी काल आलेली, तिला कोण सांगणार?

“मावशे, वाईच इस्तू देता का?”

“न्हाई गं,” आतून आवाज आला. “इजलाय.”

“मग आता मी काय करू?” हौसा म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसून रडायला लागली. आईची आठवण, सासूची भीती, सगळं एकदम बाहेर आलं. थांबेचना.

ठकू बराच वेळ ते रडणं ऐकत पडून राहिली. महिनाभर सगळे तिला काही ना काही द्यायला येत होते. तिच्याकडे मागायला आलेली ही पहिलीच. ती उठली. भिंत धरून धरून खुंटीपाशी गेली, बटवा काढला, कापूस धरला आणि चकमक झाडली. तिसऱ्यांदा की सातव्यांदा, कोणी काही सांगतं, ठिणगी कापसावर पडली. तिनं फुंकर घातली. महिनाभर थंड पडलेली चूल धुरकटली आणि पेटली. पहिला निखारा तिनं हौसाच्या गोवरीवर ठेवला.

“रातच्याला राख जरा जाड घाल,” ती म्हणाली. “आन् पळ, सासू उठंल.”

हौसा डोळे पुसत पळाली. चार पावलं गेली आणि वळून म्हणाली, “मावशे, मला अजून नीट जमत न्हाई. उद्या येते हं!”

उद्या येते हं. एवढंच बोलून पोर गेली. पण ठकूच्या मनात ते शब्द घर करून बसले. उद्या पोर येणार, म्हणजे उद्या चुलीत इस्तू पाहिजे. इस्तू पाहिजे म्हणजे गोवऱ्या पाहिजेत, आणि गोवऱ्या अंथरुणात पडून थापता येत नाहीत. त्या दिवशी ठकूनं तोंड धुतलं, अंगण झाडलं आणि चतकोर नाही, पुरी भाकर खाल्ली. दुःख कमी झालं असं समजू नका. पाळण्याकडे बघून ती त्या दिवशीही रडली. पण आता रडता रडता चुलीत गोवरी सारत होती.

हौसा दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. पुढे तिला राख घालायला चांगलं जमायला लागलं, तरी येत राहिली. तिचं बघून दुसऱ्या सुना आल्या. चिलमीला इस्तू पाहिजे म्हणून म्हातारे आले आणि दुपारपर्यंत गप्पा मारत बसले. ठकू सगळ्यांवर डाफरायची. “तुमच्या घरच्या चुली काय वाळवीनं खाल्ल्या का रं?” म्हणायची आणि निखारा मात्र सगळ्यांत मोठा निवडून द्यायची. हळूहळू ठकूची ठकूआई झाली. तिनं एक नेम धरला. उजाडलं की उंबऱ्यात उभं राहायचं आणि सगळ्या गावावर नजर फिरवायची. ज्या घरावर धूर दिसला नाही, त्या घरी स्वतः इस्तू घेऊन जायचं. कोणाच्या घरी ताप असेल, कोणाच्या घरी रुसवा असेल, सगळं तिला धुरावरून कळायचं. कोणी विचारलं, “ठकूआई, एवढ्या लवकर उठतीस कशाला?” तर ती म्हणायची, “उठाया माणसं हायती माझ्याकडं.”

पुढच्या वर्षी श्रावणात पाऊस कोसळला. अकरा दिवस थांबला नाही, असं म्हणतात. ओढा फुगला, घरांत शिरला, चुली वाहून गेल्या. ओढा ओलांडता येत होता तोवरच सगळं गाव पलीकडे, वरच्या भैरोबाच्या देवळात गेलं होतं. ठकूआईचं घर उंचवट्यावर, तिथे पाणी पोचलं नाही. लोक म्हणाले, चल. ती म्हणाली, “चूल सोडून कशी येऊ? माघारी आल्यावर मागाल कुणाकडं?” आणि ती एकटी मागे राहिली.

देवळात यात्रेसाठी ठेवलेली सुकी लाकडं होती, पण इस्तू नव्हता. वाऱ्यानं नंदादीप विझला होता आणि गुरवाच्या चकमकीचा कापूस भिजून चोथा झाला होता. अशात नवव्या दिवशी दुपारी हौसा बाळंत झाली. मुलगी झाली. पण ओल अशी की पोर जन्मल्यापासून गार पडत चाललं, आवाज फुटेना. कोंडाबाई, ती कडक कोंडाबाई, ओढ्याच्या काठावर धावत आली आणि ऊर फुटेस्तोवर ओरडली, “ठकूआई! नात गार पडलीया गं! इस्तू हाय का?”

ठकूआईनं चुलीत पाहिलं. दोन निखारे होते, बोराएवढे. नऊ दिवसांत तिनं सुकं ते सगळं जाळलं होतं. पाट जाळले, भिवाच्या नांगराची मूठ जाळली. दोन निखारे त्या पावसात पलीकडे पोचले नसते. घरात सुकं लाकूड एकच उरलं होतं, ते आढ्याला टांगलेलं होतं. वर्षभर चुलीच्या धुरानं पाळणा खडखडीत वाळला होता.

नऊ दिवसांत तिनं त्याला हात लावला नव्हता. आता तिनं तो खाली काढला. “सुभाना, बाळा,” ती म्हणाली, “तुझा पाळणा देते रे.” आणि कुऱ्हाड घातली. त्या वेळी तिला काय वाटलं असेल, ते मला सांगता येणार नाही. मी आई आहे, मला ते सांगायचंही नाही.

पाळण्याचे निखारे लालबुंद झाले. तिनं ते गाडग्यात भरले, वर मातीचा परळ झाकला, गाडगं डोक्यावर घेतलं आणि ओढ्यात उतरली. ज्या ओढ्यात बैल टिकत नव्हता त्यात ही काटकुळी बाई उतरली! मधोमध पाय घसरला आणि गाडगं फुटलं. तिनं निखारे पदरात झेलले, छातीशी धरले, वरून वाकली आणि तशीच चालत पलीकडे आली. पाणी तिच्यापुढे दुभंगलं, असं म्हणतात. तिच्या डोक्यावर पाऊस पडला नाही, असंही म्हणतात. पदराला साधं भोक पडलं नाही, हे तर सगळेच म्हणतात. माझी आजेसासू मात्र हळूच सांगायची की ठकूआईचे दोन्ही हात भाजले होते आणि ते तिनं कोणाला कधी दाखवले नाहीत.

देवळात आगटी पेटली. पोरीला शेक दिला. आणि थोड्या वेळानं पोर असं किंचाळलं की भैरोबाही दचकला असेल. कोंडाबाई ठकूआईच्या पाया पडली. कोंडाबाई! दुसरं काही नका मानू, पण हा चमत्कार तरी माना.

त्यानंतर ठकूआई खूप वर्षं जगली. एका सकाळी गावातल्या सगळ्या घरांवर धूर दिसला, फक्त तिच्या घरावर दिसला नाही. लोक समजले. आता प्रश्न पडला मडक्याचा. अंत्ययात्रेपुढे घरचा विस्तव मडक्यात घालून मुलानं चालायचं असतं. ठकूआईला ना मुलगा, ना आता घरात इस्तू. तेव्हा हौसा उठली, आपल्या चुलीतला निखारा आणला आणि रिकाम्या मडक्यात टाकला. मग दुसरी बाई आली, तिसरी आली. घराघरातून एकेक निखारा आला आणि मडकं भरून गेलं. ते धरून पुढे चालली हौसाची लेक, देवळात जन्मलेली. बाईमाणसानं मडकं धरावं का, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. चितेचा धूर बराच वेळ गावावरच रेंगाळत होता, असं म्हणतात.

तेव्हापासून शेवरघोळीत एक रीत आहे. दुःखाच्या घरी सगळं जग काही ना काही द्यायला जातं. आम्हीही जातो. पण तेरावा झाला की चौदाव्या दिवशी उजाडताना शेजारची एक बाई गोवरीचा तुकडा घेऊन त्या दारात जाते, आणि देत काही नाही, मागते. आता घरोघरी गॅस आला, लायटर आले, तरी मागते.

आमचे हे गेले, त्याला पाच वर्षं झाली. चौदाव्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. दारावर थाप पडली. शेजारची सुलभा होती. नोकरीवाली बाई, हातात गोवरी कशी धरावी तेही तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, “काकू, वाईच इस्तू देता का?”

मी म्हटलं, “इजलाय गं.”

ती गेली नाही, उंबऱ्यावर बसून राहिली. मग मीच उठले. गॅस पेटवला, गोवरी त्यावर धरली. घरभर धूर झाला, दोघींना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. जाताना ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, “उद्या येते हं!”

म्हणून दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले.